इलेक्ट्रिक गिटारचे कान : पिकअपची निवड कशी करावी?

इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायला गेलेल्या माणसाचे लक्ष प्रथम जाते ते तिच्या रंगाकडे, आकाराकडे आणि माथ्यावरच्या नावाकडे. विक्रेताही बहुधा याच गोष्टींविषयी बोलतो. तारांच्या खाली लाकडात बसवलेल्या दोन-तीन छोट्या पेट्यांकडे मात्र क्वचितच कोणी निरखून पाहते. या पेट्या म्हणजेच 'पिकअप'. गिटारचा स्वर धारदार येणार की भरदार, तो किती स्वच्छ असणार आणि घरातल्या विजेची घूंघूं त्यात कितपत मिसळणार, हे फार मोठ्या प्रमाणात या पेट्यांवरच ठरते. गिटारच्या माहितीपत्रकात 'एस-एस-एस', 'एच-एस-एस', 'एच-एच' अशी जी अक्षरे छापलेली असतात, ती पिकअपच्या मांडणीचीच खूण होय. 'एस' म्हणजे सिंगल कॉइल आणि 'एच' म्हणजे हमबकर. ही अक्षरे साधारणपणे ब्रिजकडून गळ्याकडे वाचायची असतात. ब्रिज म्हणजे आपल्या सतारीची घोडी.

ही अक्षरे कळली की निवड अर्धी सोपी होते. कारण त्यांच्यामागे एकच मूलभूत प्रश्न दडलेला आहे : स्वराची स्पष्टता हवी की शांतता? दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. गेल्या सुमारे नव्वद वर्षांतला पिकअपचा इतिहास हा या दोहोंमध्ये साधलेल्या निरनिराळ्या तडजोडींचा इतिहास आहे.

तारेचे कंपन, विजेची लहर

साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीत घुमून मोठा होतो. बहुतेक इलेक्ट्रिक गिटारना अशी पेटी नसते. त्यांचे अंग भरीव असते. तेथे तारेचे कंपन टिपण्याचे काम पिकअप करतो. त्याची रचना साधी आहे. एक किंवा अनेक चुंबक आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची पोलादी तारही काही प्रमाणात चुंबकीय होते. ती छेडली की वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र तारेच्या कंपनाबरोबर कमी-जास्त होते आणि वेढ्यांत तशीच कमी-जास्त होणारी वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये सिद्ध केलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. ही अत्यंत क्षीण वीज केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते आणि तिथे मोठी होऊन ध्वनिवर्धकातून आपल्या कानांवर पडते.

यातून दोन गोष्टी उघड होतात. एक म्हणजे तार लोखंडाच्या वा निकेलच्या जातीची असायला हवी. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर हा पिकअप मुका राहील. दुसरी म्हणजे पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो चुंबकीय क्षेत्रातला बदल ऐकतो. मग तो बदल तारेने घडवलेला असो वा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरने, त्याला फरक कळत नाही. पुढची सारी गुंतागुंत यातूनच जन्माला आली.

बाजारात यशस्वी ठरलेला पहिला विद्युतचुंबकीय पिकअप अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी १९३१ मध्ये तयार केला. अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या साथीने १९३२ पासून विक्रीस आलेली, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची त्यांची हवाईयन गिटार तळणीच्या आकारामुळे 'फ्राइंग पॅन' म्हणून ओळखली गेली. तिचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. तत्पूर्वी, १९३६ मध्ये, गिब्सन कंपनीने 'ईएस-१५०' ही पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकाने १९३९ पासून बेनी गुडमनच्या जॅझ वाद्यवृंदात ती वाजवली आणि तोवर केवळ ठेका धरणारी गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने पुढे आली.

सिंगल कॉइल : गुण आणि दोष

एकाच वेढ्याच्या पिकअपला सिंगल कॉइल म्हणतात. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी या पिकअपला त्याचे आजचे रूप दिले. त्यांची दोन पिकअपची भरीव गिटार १९५० मध्ये आली आणि १९५१ पासून 'टेलिकास्टर' या नावाने प्रसिद्ध झाली. १९५४ मध्ये तीन सिंगल कॉइलची 'स्ट्रॅटोकास्टर' आली. अरुंद आणि उंच वेटोळे, प्रत्येक तारेखाली एक याप्रमाणे सहा चुंबकी दांडे, अशी तिच्या पिकअपची घडण होती. या पिकअपचे 'कान' तारेचा अगदी अरुंद भाग ऐकतात. त्यामुळे वरचे उपस्वर शाबूत राहतात, प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो आणि कॉर्डमधले सगळे स्वर वेगवेगळे ओळखता येतात.

दोष असा की, हजारो वेढ्यांचे हे वेटोळे घरातल्या विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक यांच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच इमानाने टिपते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेतली ६० आवर्तनांची. ही आवर्तने आणि त्यांच्या पटीतले स्वर मिळून खर्जात एक अखंड घूंघूं सुरू राहते. इंग्रजीत हिलाच 'हम' म्हणतात. तंबोरा सुरात लावता येतो. ही घूंघूं मात्र कुठल्याच रागाची पर्वा करत नाही. अ‍ॅम्प्लिफायर मंद असताना ती जाणवत नाही, पण रॉक संगीतासाठी गेन वाढवला की स्वराबरोबर तीही वाढते.

सिंगल कॉइलच्याच जातीतला आणखी एक पिकअप म्हणजे गिब्सनने १९४६ मध्ये आणलेला 'पी-९०'. त्याचे वेटोळे रुंद आणि बुटके असते. त्यामुळे स्वर अधिक जाड आणि किंचित खरखरीत येतो. घूंघूं त्यालाही चुकलेली नाही. या दोन घराण्यांतला फरक एकाच मंचावर ऐकायचा तर ऑगस्ट १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवाची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. तेथे जिमी हेंड्रिक्सच्या हाती स्ट्रॅटोकास्टर होती, तर कार्लोस सँटानाच्या हाती पी-९० बसवलेली गिब्सन एसजी.

उलट्याचे उलट म्हणजे सुलट

या घूंघूंवरचा उपाय गिब्सनचे अभियंते सेठ लव्हर यांनी शोधला. त्यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून 'लेस पॉल' या गिटारमध्ये हा पिकअप बसू लागला. पेटंट मंजूर झाले १९५९ मध्ये. मधल्या काळात पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी चिकटवलेली असे. त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे जुने पिकअप आजही 'पीएएफ' या नावाने ओळखले जातात. याच सुमारास रे बट्स यांनीही स्वतंत्रपणे असाच पिकअप तयार केला आणि तो ग्रेच कंपनीच्या गिटारवर आला.

या युक्तीचे मर्म शाळेतल्या गणितासारखे आहे. शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवायची. एकाच्या चुंबकाचा उत्तर ध्रुव तारांकडे, दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव. शिवाय, दोन्ही वेटोळ्यांची जोडणी परस्परांच्या उलट. बाहेरून येणारी घूंघूं दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते. पण जोडणी उलट असल्याने ती एकमेकींना खोडून काढते. तारेचा स्वर मात्र चुंबक उलटा असल्यामुळे एकदा आणि जोडणी उलटी असल्यामुळे दुसऱ्यांदा असा दोनदा उलटतो, म्हणजेच सुलट होतो आणि दुप्पट जोमाने बाहेर पडतो. 'हम'ला हटवणारा म्हणून हा 'हमबकर'.

पण ही शांतता फुकट मिळत नाही. दोन वेटोळी एकापुढे एक जोडल्याने वरच्या पट्टीतले उपस्वर दबतात. शिवाय, दोन वेटोळी तारेला दोन निरनिराळ्या जागी ऐकत असल्याने अतिसूक्ष्म उपस्वर काही अंशी एकमेकांना मारतात. परिणामी, स्वर जाड, गोलसर आणि मोठा येतो. सिंगल कॉइलची काचेसारखी लखलख त्यात राहत नाही. मोठा संकेत अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्याला लवकर फोडतो आणि रॉकमध्ये हवी असलेली 'फुटलेली' झार सहज मिळते. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर लेस पॉलवर वाजवलेले वादन पुढच्या पिढीतल्या रॉक वादकांसाठी वस्तुपाठ ठरले, त्यात या गुणाचा मोठा वाटा होता.

जागेचा महिमा

पिकअप कोणता, याइतकेच तो कुठे बसवला आहे यालाही महत्त्व आहे. सतारीवर मिजराबाचा आघात घोडीजवळ केला तर स्वर टणक येतो, पडद्यांकडे सरकून केला तर मृदू येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. गिटारमध्ये आघाताच्या जागेबरोबर 'ऐकण्याच्या' जागेचाही असाच परिणाम होतो. ब्रिजजवळ तारेची हालचाल लहान असते, पण तिथे मूळ स्वराच्या तुलनेत उपस्वर ठळक असतात. म्हणून तिथला पिकअप धारदार बोलतो. गळ्याजवळ तारेचे आंदोलन मोठे, मूळ स्वर प्रबळ. म्हणून आवाज भरदार आणि मऊ. ब्रिजजवळचा पिकअप मागे पडू नये यासाठी अनेक कंपन्या त्यावर जास्त वेढे घालतात किंवा तो तारांच्या अधिक जवळ बसवतात.

स्ट्रॅटोकास्टरचा गळ्याजवळचा पिकअप तारेच्या लांबीच्या साधारण एक चतुर्थांश अंतरावर असतो. मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर त्या बिंदूवर स्थिर असल्यामुळे तो पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही. या गिटारच्या मोकळ्या तारांना एक विशिष्ट पोकळ गोडवा असतो, त्यामागे हेही एक कारण आहे. पडदा दाबला की तारेची लांबी बदलते आणि हे गणितही बदलते. तात्पर्य, पिकअप बदलून स्वराचा पोत बदलता येईल. पण त्याची जागा लाकडात कोरलेली असते, ती सहसा बदलता येत नाही. गिटार घेताना म्हणूनच कंपनीच्या नावाआधी मांडणी पाहावी.

मांडण्यांची ओळख

तीन सिंगल कॉइल, म्हणजे एस-एस-एस : ही स्ट्रॅटोकास्टरची मूळ मांडणी. सुरुवातीला तिचा स्विच तीन घरांचा होता. वादक तो दोन घरांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत आणि त्यातून येणारा किंचित नाकातला, खणखणीत स्वर त्यांना आवडत असे. फेंडर कंपनीने अखेर १९७७ मध्ये पाच घरांचा स्विच दिला. मार्क नॉफ्लरच्या १९७८ च्या ध्वनिमुद्रणांत हा मधल्या घरांचा स्वर स्पष्ट ऐकू येतो. आजच्या अनेक गिटारमध्ये मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा असतो. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या घरात दोन सिंगल कॉइल मिळून हमबकरसारखी घूंघूं खोडतात. फंक, ब्लूज, पॉप, स्वच्छ साथसंगत यांसाठी ही मांडणी उत्तम.

दोन सिंगल कॉइल : ही टेलिकास्टरची मांडणी. ब्रिजचा पिकअप धातूच्या पत्र्यावर बसवलेला आणि त्याचा स्वर टोकदार. गळ्याचा पिकअप धातूच्या आवरणाखाली, आवाजाने सौम्य. अमेरिकी कंट्री संगीताची ती ओळख असली तरी ज्याला साधेपणा आणि सुटे स्वर हवे आहेत, अशा कोणालाही ती चालते.

दोन हमबकर, म्हणजे एच-एच : लेस पॉल घराण्याची मांडणी. तीन घरांचा स्विच, भरपूर जोम, घूंघूं जवळजवळ नाही. हार्ड रॉक आणि मेटलसाठी ती सोयीची आहेच. गळ्याच्या हमबकरवर टोनचे बटण थोडे मिटले की जॅझसाठीही तिचा उत्तम उपयोग होतो. दोन्ही पिकअप एकत्र केल्यावर मिळणारा स्वर त्यांचे चुंबक परस्परांशी जुळलेले आहेत की नाहीत, यावर अवलंबून असतो. फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये गळ्याच्या पिकअपचा चुंबक उलटा होता. त्यामुळे मधल्या घरात विलक्षण पोकळ, रडवा स्वर येई आणि तोच त्या गिटारची कीर्ती ठरला. हीच गिटार पुढे गॅरी मूर आणि त्यानंतर मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आली.

ब्रिजवर हमबकर, बाकी दोन सिंगल कॉइल, म्हणजे एच-एस-एस : ज्याला अजून आपली आवड नक्की ठाऊक नाही, त्याच्यासाठी सर्वांत सुरक्षित मांडणी. गळ्याकडे स्ट्रॅटोकास्टरची स्पष्टता, ब्रिजकडे हमबकरचा जोम. हिंदी-मराठी गाण्यांची साथ, महाविद्यालयीन बँड, थोडे ब्लूज, थोडे रॉक असे सगळेच हाताळणाऱ्याला ती क्वचितच कमी पडते.

हमबकर, सिंगल, हमबकर, म्हणजे एच-एस-एच : १९८७ मध्ये आलेल्या, स्टीव्ह वाय यांच्या सल्ल्याने बनवलेल्या आयबानेझ 'जेम'मुळे ही मांडणी लोकप्रिय झाली. दुसऱ्या आणि चौथ्या घरात हमबकरचे एकच वेटोळे मधल्या सिंगल कॉइलबरोबर जोडले जाते. पर्याय भरपूर मिळतात. मात्र मधला पिकअप उजव्या हाताच्या बोटांत येतो, अशी काही वादकांची तक्रार असते.

ब्रिजवर एकच हमबकर : एडी व्हॅन हॅलन यांनी स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या अंगात गिब्सनचा हमबकर बसवून ही वाट दाखवली. १९७८ च्या त्यांच्या बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ती गिटार ऐकू येते. पर्याय एकच, पण तो पक्का. पहिली गिटार म्हणून मात्र ही मांडणी घेऊ नये.

याखेरीज दोन उपप्रकार लक्षात ठेवावेत. पहिला 'नॉइजलेस' सिंगल कॉइल. यात दोन वेटोळी शेजारी न ठेवता एकाखाली एक रचलेली असतात. शांतता मिळते आणि स्वर सिंगल कॉइलच्या बराच जवळ जातो, पण तंतोतंत तसा नसतो. दुसरा 'अ‍ॅक्टिव्ह' पिकअप. यात पिकअपच्या आतच छोटा प्री-अ‍ॅम्प असतो आणि त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते. ईएमजी कंपनीचे असे पिकअप जेम्स हेटफील्ड यांच्यासारख्या मेटल वादकांनी आणि डेव्हिड गिल्मोर यांच्यासारख्या संथ, सुरेल वादकानेही वापरले. आवाज शांत आणि एकसारखा, लांब केबलनेही तो मंदावत नाही. मात्र, केबल गिटारला जोडलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आकड्यांची भूलभुलैया

पिकअपच्या खोक्यावर रोधाचा आकडा किलोओहममध्ये दिलेला असतो. साधारण स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या पिकअपचा रोध ५.५ ते ७, जुन्या धाटणीच्या हमबकरचा ७ ते ८.५ आणि 'हॉट' म्हणून विकल्या जाणाऱ्या हमबकरचा १३ ते १६ च्या घरात असतो. आकडा मोठा म्हणजे पिकअप चांगला, हा समज मात्र खोटा आहे. बारीक तार वापरली तर कमी वेढ्यांतही रोध वाढतो. शिवाय, वेढे जास्त झाले की आवाज मोठा होतो, पण वरचे उपस्वर दबतात. एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या दोन पिकअपची तुलना करण्यापुरताच हा आकडा उपयोगी.

चुंबकाचेही तसेच. अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणातून बनलेला 'अल्निको' आणि दुसरा सिरॅमिक, असे दोन मुख्य प्रकार. अल्निको-२ मऊ आणि अल्निको-५ अधिक ठसठशीत, सिरॅमिक कडक, असे ढोबळमानाने म्हटले जाते. परंतु वेढे, तार आणि रचना मिळून स्वर ठरतो. सिरॅमिक म्हणजे स्वस्त आणि वाईट, असे समीकरण मांडू नये.

आवाजाच्या बटणाचे मूल्यही पाहावे. सिंगल कॉइलबरोबर बहुधा २५० आणि हमबकरबरोबर ५०० किलोओहमचे बटण वापरतात. मूल्य कमी असेल तर वरचे स्वर थोडे गळतात. म्हणूनच हमबकर काढून सिंगल कॉइल बसवल्यावर आवाज टोचू लागला, तर दोष पिकअपचा नसून बटणाचा असू शकतो. लांब केबलनेही साध्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या, पिकअपचे वरचे स्वर मंदावतात.

'कॉइल स्प्लिट'ची सोय हाही विक्रीतला आवडता शब्द. बटण ओढले की हमबकरचे एक वेटोळे बंद होते आणि तो सिंगल कॉइल बनतो, असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण त्याबरोबर घूंघूं परत येते आणि जुन्या धाटणीच्या हमबकरचे एकच वेटोळे खऱ्या स्ट्रॅटोकास्टरपेक्षा बारीक बोलते. दोन्ही वेटोळी समांतर जोडण्याची सोय असेल तर स्वर उजळतो आणि शांतताही टिकते. स्प्लिट ही एक जादा सोय म्हणून घ्यावी, दोन गिटारींचा पर्याय म्हणून नव्हे.

अर्थिंगशी तडजोड नको

घूंघूंच्या निमित्ताने एक गंभीर इशारा द्यायला हवा. बहुतेक गिटारमध्ये तारा ब्रिजमार्गे अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे वादक ज्या तारांना हात लावतो, त्या थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. तारांना स्पर्श केला की करकर कमी होते, हे स्वाभाविक आहे. माणसाचे शरीर आसपासचे विद्युत क्षेत्र गोळा करत असते आणि स्पर्शाने ते जमिनीत उतरते. परंतु घूंघूं जाते म्हणून तीन पिनच्या प्लगची जाड पिन काढून टाकणे किंवा अर्थिंग नसलेल्या दोन पिनच्या अडॅप्टरवर अ‍ॅम्प्लिफायर चालवणे हे जिवावर बेतू शकते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर २३० व्होल्टचा दाब तारांपर्यंत पोहोचण्यास मग काहीच आडकाठी राहत नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी यांचा मंचावरच, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागताच विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला.

आपल्याकडे जुन्या इमारतींतले वायरिंग, गणेशोत्सवातले वा सोसायटीच्या कार्यक्रमातले तात्पुरते मंच आणि भाड्याने आणलेले जनरेटर यांवर अर्थिंगचा भरवसा नसतो. घरात अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. घूंघूंवरचे निर्धोक उपाय वेगळे आहेत. सिंगल कॉइल वाजवताना ट्रान्सफॉर्मर आणि संगणकापासून दूर बसावे. गिटारची दिशा थोडी फिरवून पाहावी. एखाद्या कोनात घूंघूं लक्षणीयरीत्या उतरते. पिकअपच्या खोबणीत तांब्याचा पातळ पत्रा चिकटवल्याने विद्युत क्षेत्रामुळे येणारी करकर कमी होते, पण चुंबकीय घूंघूं या पत्र्याला जुमानत नाही. तिच्यावर दुसरे वेटोळे हाच उपाय. नॉइज गेट हे उपकरण दोन स्वरांमधल्या जागेत आवाज मिटवते. स्वर चालू असताना त्याचा उपयोग नाही.

दुकानात आणि दुकानानंतर

गिटार पारखताना प्रथम सगळे इफेक्ट बंद करावेत. भारी इफेक्टमध्ये सगळेच पिकअप सारखे वाटतात. अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजावर ठेवून स्विचचे प्रत्येक घर तोच सूर, तीच कॉर्ड वाजवून ऐकावे. एखाद्या घरात आवाज अचानक फार बारीक आणि पोकळ झाला, तर दोन पिकअप परस्परांच्या उलट जोडलेले असण्याची शक्यता असते. मग आवाजाचे बटण निम्म्यावर आणावे. चांगल्या जोडणीत स्वर लहान होतो, पण चिखलासारखा गढूळ होत नाही. शेवटी गेन वाढवून तारा हाताने दाबून धराव्यात आणि फक्त घूंघूं ऐकावी. आपण घरी जिथे वाजवणार, तिथे ही घूंघूं चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. फ्लॅटमध्ये संगणकासमोर बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्याला हमबकर किंवा एच-एस-एस अधिक सोयीचे. त्याने संगणकाच्या साउंड कार्डवर गिटारसाठीची खास खाच आहे ना, हेही पाहावे. मोकळ्या मंचावर स्वच्छ साथ करणाऱ्याला सिंगल कॉइलची स्पष्टता अधिक मोलाची.

घरी असलेल्या गिटारचा आवाज आवडत नाही म्हणून लगेच पिकअप बदलू नयेत. आधी नव्या तारा चढवाव्यात. मग पिकअपची उंची पाहावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबून मोजल्यास साध्या सिंगल कॉइलपासून तारेचे अंतर जाड तारेकडे सुमारे २ आणि बारीक तारेकडे सुमारे १.६ मिलिमीटर असावे, असे फेंडर कंपनीचे मार्गदर्शन आहे. पिकअप फार जवळ आला तर चुंबक तारेला ओढतो, स्वर डुलतो आणि वरच्या पडद्यांवर बेसूर वाटू लागतो. एका स्क्रू-ड्रायव्हरने फुकटात होणारा हा बदल कित्येकदा महागड्या पिकअपहून अधिक परिणामकारक ठरतो. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरचा विचार करावा आणि पिकअपचा सर्वांत शेवटी.

बदलायचाच झाला, तर चार गोष्टी तपासाव्यात. खोबणीचा आकार : सिंगल कॉइलच्या जागेत पूर्ण आकाराचा हमबकर मावत नाही, त्यासाठी त्याच आकाराचा छोटा हमबकर मिळतो. तारांमधले अंतर : हमबकरमध्ये दोन टोकांच्या तारांमधले अंतर साधारण ५० किंवा ५३ मिलिमीटरचे असते, ते आपल्या ब्रिजशी जुळावे. वायर : स्प्लिट करायचे असल्यास चार वायरचा हमबकर लागतो, जुन्या पद्धतीचा एकेरी वायरचा चालत नाही. आणि ध्रुव : दोन निरनिराळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र बसवताना त्यांचे ध्रुव आणि वेढ्यांची दिशा जुळते का, हे विचारून घ्यावे. काढलेले मूळ पिकअप जपून ठेवावेत. गिटार विकताना किंवा मन बदलल्यास ते कामी येतात.

सारांश, पिकअपच्या जगात सर्वश्रेष्ठ असे काही नाही. सुटा, लखलखीत स्वर हवा असेल तर थोडी घूंघूं सोसायची तयारी हवी. भरदार आणि शांत स्वर हवा असेल तर थोडी लखलख सोडून द्यावी लागते. आपण काय वाजवतो, कुठे वाजवतो आणि किती मोठ्याने वाजवतो, या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन दुकानात गेल्यास एस आणि एच या दोन अक्षरांतली निवड आपोआप सोपी होते. कानाने निवडलेली मध्यम किमतीची गिटार रोज हातात घेतली जाते; केवळ नावावर भाळून घेतलेली बऱ्याचदा खोळीतच पडून राहते.